दांडिया बाजारातल्या पेटीचं प्रकरण

पेटी सागवानी, कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या, वजन साधारण १९ किलो. आत नट-बोल्ट आवळायचे २२ पाने, दोन स्क्रू पाने, एक बॉलपीन हातोडी, तीन छिन्न्या, एक पक्कड, एक फीलर गेज आणि अगदी तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेला पितळेचा गोल बिल्ला. पेटी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंच्या घरची, म्हणजे मूळ त्यांच्या सासऱ्यांची. हे किलोवर द्यायचं का जपून विकायचं एवढंच काकूंना विचारायचं होतं, आणि उत्तर शुक्रवारच्या आत हवं होतं कारण भंगारवाला शुक्रवारी येतो म्हणून सांगून गेला होता, ३५ रुपये किलो, पेटीचे वेगळे पन्नास.

मी मकरपुरा जीआयडीसीत मेंटेनन्सला आहे आणि सुट्टी मिळाली की शुक्रवारी बाजारात जुने पाने उचकत बसतो हे ओळखीत सगळ्यांना माहितीये, म्हणून काकूंचा फोन. पण खरं कारण त्यांचा मुलगा. तो पुण्याला असतो, त्याने पेटीचे फोटो कुणा जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याला दाखवले आणि त्या माणसाने सांगितलं की हा १८६२चा माल आहे, महाराजांच्या पहिल्या रेल्वेचा, लाखाच्या खाली हात लावू देऊ नका. म्हणजे एकीकडे साडेसहाशे रुपये आणि दुसरीकडे एक लाख, आणि मध्ये काकू, झोपाळ्यावर बसून पाय हलवत. तो झोपाळा प्रत्येक झोक्याला असा किरकिर करत होता की मला फोनवरसुद्धा ऐकू आलं होतं.

१८६२चं आधी निकालात काढतो कारण ते सोपं आहे. १८६२ला खंडेराव महाराजांच्या काळात डभोई-मियागामची छोटी लाईन सुरू झाली हे खरंय, आणि आपल्या बडोद्याच्या माणसाला त्याचा अभिमान असतो तो असायलाच हवा. पण ती गाडी सुरुवातीला बैल ओढायचे. आता बैलाला कुठला पाना लावणार? अर्थात डब्याला चाकं होती, चाकांना नट-बोल्ट असणारच, त्यामुळे नुसत्या विनोदाने मुद्दा सिद्ध होत नाही. सिद्ध कशाने झाला ते पुढे येतंच.

पहिल्या संध्याकाळी मी गाढवपणा केला. वर्तमानपत्र पसरलं, पाने रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासले (वायर ब्रश कधीच नाही, आणि व्हिनेगरमध्ये रात्रभर तर अजिबात नाही, मी एकदा एक छान पाना तसा ठेवला होता, सकाळी गंज गेला होता आणि त्याच्याबरोबर ठसाही). मग वाटण्या केल्या. चकचकीत ते नवे, काळे ते जुने. नाव असलेले इकडे, बिननावाचे तिकडे. आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकपट्टी, लावून तोंडं मिलिमीटरमध्ये मोजत गेलो. एका काळ्या पान्याचं तोंड आलं १३.५. मी म्हटलं हा १३चा, वापरून वापरून पसरलाय. दुसरा आला १८.२, म्हटलं हा १८चा, हाही ढिला. तिसरा २३.५, बहुतेक २४चा, नीट घडलेला नाही. काकूंना सांगूनही टाकलं की काळ्यांमध्ये काही दम नाही, बहुतेक झिजलेलेच आहेत, चकचकीत सात ठेवा, बाकी किलोवर गेले तरी हरकत नाही. चहा प्यायलो, घरी आलो.

रात्री अंथरुणावर पडलो आणि ते आकडे डोक्यातून जाईनात. झिजलेला पाना कसा झिजतो? तोंडाच्या टोकाला जास्त, आत कमी, कारण लोकांना पाना पूर्ण आत सरकवायचा कंटाळा. हे पाने आत-बाहेर सारखेच होते. आणि २३.५चा पाना २४चा झिजलेला कसा असेल, झिजून तोंड मोठं होतं, लहान नाही! एवढी साधी गोष्ट चहाच्या नादात सुटली. आणि माझ्या ओळखीचा एकजण असता आणि त्याने असं केलं असतं तर मी आठवडाभर चिडवलं असतं.

ते आकडे झिजलेल्या मिलिमीटरचे नव्हतेच. ते व्हिटवर्थचे होते.

ज्यांनी फक्त मिलिमीटरचे पाने वापरलेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण पेटीतला अर्धा गोंधळ इथेच आहे. जोसेफ व्हिटवर्थ हा मँचेस्टरचा इंजिनिअर. त्याच्या आधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसायचा नाही. १८४१मध्ये त्याने सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं, आट्याचा कोन ५५ अंश, आणि ते ब्रिटिश रेल्वेंनी उचललं, मग आपल्याकडच्यांनीही. आता गंमत अशी की व्हिटवर्थच्या पान्यावर १/४ लिहिलेलं असेल तर तोंड पाव इंच नसतं. तो आकडा बोल्टच्या जाडीचा. पाव इंची बोल्टच्या डोक्याला जो बसतो तो १/४चा पाना, आणि त्याचं तोंड असतं ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. पान्याला थोडा मोकळेपणा ठेवतात म्हणून माझ्या व्हर्नियरवर १३.५. तसंच ३/८चा नट ०.७१० इंच म्हणजे १८ मिमी, आणि अर्ध्या इंचाचा ०.९२० म्हणजे २३.४. माझे तिन्ही ‘झिजलेले’ पाने अगदी तंतोतंत होते, झिजलेली माझी अक्कल होती.

जुने मिस्त्री हे पुस्तकातून शिकले नव्हते. ते सुतात बोलायचे, अजूनही हार्डवेअरच्या दुकानात बोलतात. इंचाचे आठ सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत म्हणजे ३/८, चार सूत म्हणजे अर्धा. ‘चार सुती बोल्ट, चार सुती पाना’, संपलं. तोंड किती मिलिमीटर याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. मी इंजिनिअरिंगच्या डिप्लोमावाला व्हर्नियर घेऊन बसलो आणि फसलो, सुताने मोजणारा फसला नसता.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर सरळ काकूंकडे. ‘काकू, काल जे सांगितलं ते विसरा.’ काकू म्हणाल्या, ‘अरे मी ऐकलंच कुठे होतं, तुझा चेहरा बघूनच कळलं की तुला घाई झालीये.’ झोपाळा किर्र.

या वेळी नावं बघितलीच नाहीत. नाव ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे असं माझं मत झालंय, नवीन माणूस मात्र आधी नावाकडे धावतो कारण मोबाईलवर नावच शोधता येतं. मी आधी आकडा कुठल्या भाषेत लिहिलाय ते बघितलं. त्या भाषा पेटीत तीन निघाल्या. नऊ पान्यांवर सुतांचे अपूर्णांक आणि पुढे डब्ल्यू, म्हणजे व्हिटवर्थ. सहांवर अपूर्णांकच, पण ७/१६, १/२, ९/१६ असे, आणि पुढे ए एफ. हे ए एफ म्हणजे डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर, इथे १/२ लिहिलं तर तोंड खरंच अर्धा इंच, १२.७ मिमी. आणि सातांवर साधे मिलिमीटर, हे ते चकचकीत. म्हणजे १/२ लिहिलेले दोन पाने शेजारी ठेवले तर एकाचं तोंड १२.७ आणि दुसऱ्याचं २३.४, जवळजवळ दुप्पट, काकूंच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं की यातला एक डुप्लिकेट आहे का. दोन्ही खरे, आकड्याचा अर्थ वेगळा.

काळे-चकचकीत ही वाटणीही बाद झाली. ए एफमधले दोन गंजून काळे पडले होते आणि व्हिटवर्थमधल्या एकावर अजून निकेलसारखी चमक शिल्लक होती.

आता तारीख. इथे मला खरी मजा आली. नऊ व्हिटवर्थपैकी पाचांवर एकाच तोंडाशी दोन मापं आहेत, उदाहरणार्थ १/४ डब्ल्यू आणि त्याखाली ५/१६ बी एस. एका तोंडाला दोन आकडे कसे? १९०८मध्ये ब्रिटिशांनी बीएसएफ म्हणून बारीक आट्यांचं माप आणलं, मोटारी आणि थरथरणाऱ्या मशिनरीसाठी, बारीक आटे सहज ढिले होत नाहीत. त्या बोल्टचं डोकं एक नंबर लहान ठेवलं, त्यामुळे ५/१६ बीएसएफचं डोकं आणि १/४ व्हिटवर्थचं डोकं एकाच मापाचं, एका पान्यात दोन कामं. पण १९०८च्या आधी ही दुसरी ओळ पान्यावर यायचं काही कारणच नाही. म्हणजे १८६२ गेलं. पुण्याच्या त्या धंदेवाल्याने फोटो जरा मोठा करून बघितला असता तरी हे दिसलं असतं, पण त्याला बघायचं नव्हतं.

ही खालची हद्द. वरची हद्द एका ठशाने दिली, आणि तो ठसा आम्ही आधी चुकीचा वाचला होता. चार पान्यांच्या दांड्यावर पुसट अक्षरं होती, मुलाने फोटोवरून वाचलं ‘बी एस’, त्याला वाटलं हे पण बीएसएफच. मी तिरका प्रकाश पाडून बघितलं, म्हणजे मोबाईलचा टॉर्च दांड्याला जवळपास टेकवून आडवा धरायचा, मग अक्षरांच्या कडांच्या सावल्या पडतात. तरी अर्धवटच. मग त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, लहानपणी नाण्यावर करायचो तसं. कागदावर आलं जी, मग बी, मग एस, आणि शेवटी एक उभी रेघ आणि तिला पोट, आर. आणि अक्षरं सरळ ओळीत नव्हती. जी थोडा वर, बी डावीकडे कललेला, एस इतका खोल की मागून फुगवटा आलाय. कारखान्यात पडलेला मापाचा ठसा सरळ आणि सारख्या खोलीचा असतो. ही अक्षरं कुणीतरी एकेक पंच ठेवून हातोडीने मारली होती, म्हणजे हे मालकाचं नाव, बनवणाऱ्याचं नाही. जी बी एस आर, गायकवाडांची बडोदा स्टेट रेल्वे.

ही रेल्वे १९४९मध्ये बीबीसीआयमध्ये, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत गेली आणि बीबीसीआय १९५१मध्ये वेस्टर्न रेल्वेत. त्यामुळे हे चार पाने १९०८ ते १९४९च्या मधले, यापेक्षा बारीक तारीख मी सांगणार नाही आणि कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका.

काकूंना सांगितलं तर त्या जरा गप्प झाल्या. मामंजी प्रतापनगरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते हे त्यांना माहितीच होतं, पण पान्यांवर रेल्वेचा ठसा म्हटल्यावर मुलाने व्हिडिओ कॉलवर जे नको ते विचारलंच, की मग आजोबांनी आणले कसे. काकू ताडकन म्हणाल्या, ‘मामंजी तिकडचा खिळाही घरी आणायचे नाहीत.’ मला मध्ये पडायचं नव्हतं, पण तो बिल्ला आठवला. फडक्यातून काढला, पितळेचा, रुपयापेक्षा मोठा, वर भोक आणि आकडा ११७. जुन्या वर्कशॉपमध्ये टूलरूमची पद्धत अशी, फिटरला हत्यार हवं असेल तर खिडकीवर आपला बिल्ला द्यायचा, तो बिल्ला हत्याराच्या जागी खुंटीला लागतो, हत्यार परत केलं की बिल्ला परत. म्हणजे बिल्ला फिटरच्या हातात असणं याचा अर्थ त्याच्याकडे टूलरूमचं काही बाकी नाही. एकेका माणसाला असे चार-पाच बिल्ले असायचे, त्यामुळे कोर्टात हा पुरावा टिकणार नाही, पण रेल्वेत कंडम झालेला माल लिलावात जातो आणि असे पाने तिथूनच बाहेर येतात हेही आहे. काकूंना बिल्ला पुरला. त्यांनी तो पदराने पुसला आणि देवाच्या पेटीत ठेवला, मला परत दाखवलासुद्धा नाही.

नावांचं थोडक्यात सांगतो. व्हिटवर्थमधल्या दोघांवर गोगलगाय आहे, ती स्नेल ब्रँड, बर्मिंगहॅममधल्या सॉल्टलीच्या थॉमस स्मिथ कंपनीची. छोट्या स्क्रू पान्यावर किंग डिक, तोही बर्मिंगहॅमचाच, ॲबिंग्डनवाल्यांचा, त्यांची खूण बुलडॉग. मिलिमीटरवाल्यांत एक १२-१३ डोविडाटचा, गेडोरे हे नाव ज्या डोविडाट भावांवरून पडलं तेच, त्यावर मेड इन वेस्ट जर्मनी, म्हणजे १९४९ ते १९९०च्या मधला, देशाचं नावच तारीख सांगतं. बाकी मिलिमीटरवाले नाशिकच्या टापरियाचे आणि असेच देशी, ते काकांच्या चेतकचे, काकूंनी स्वतः ओळखले, कारण क्लच केबल तुटली की काका भर रस्त्यात डिकी उघडून तोच पाना शोधायचे आणि काकू पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या.

राहिला एक पाना, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

पेटीत ३/१६-१/४ व्हिटवर्थचे दोन पाने होते, दोन्हीवर रेल्वेचा ठसा. एक धड. दुसऱ्याचं १/४चं तोंड घासलेलं, एका बाजूचा जबडा कानसने खाल्लेला स्पष्ट दिसतो. पहिल्या संध्याकाळी मी तो उचलून भंगारच्या ढिगात टाकलेला पहिला पाना. कुणीही टाकला असता, घासलेल्या पान्याला कोण विचारतं.

दुसऱ्या दिवशी सवयीने त्याचंही तोंड मोजलं. १४.४. मग टोकाशी मोजलं, मध्ये मोजलं, आत मोजलं. १४.४, १४.४, १४.३५. आता कानस हातात धरलेल्या कुणालाही विचारा, दोन सेंटिमीटर खोल खाचेत आतून कानस चालवून तीन ठिकाणी पाच शतांश मिलिमीटरच्या आत सपाट आणणं म्हणजे काय. हात थोडा जरी डोलला की कड गोल होते, आयटीआयच्या पहिल्या वर्षी महिनाभर तेच करायला लावतात आणि तरी जमत नाही. हे घाईत केलेलं काम नव्हतं. हे कुणीतरी माप ठरवून, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून, नट लावून बघत बघत केलेलं काम होतं. आणि घासण्यासाठी धड जोडीतला एक मुद्दाम निवडलेला, दुसरा तसाच ठेवलेला.

१४.४ला कोणता नट बसेल? ९/१६ ए एफ, १४.२९ मिमी. पण ९/१६ ए एफचं डोकं असलेला बोल्ट रेल्वेच्या जुन्या इंजिनावर कशाला असेल. १९४८मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून युनिफाईड आटे ठरवले, ६० अंशांचे, आणि त्यांची डोकी ए एफमध्ये. ते आटे ज्या गाड्यांत आले त्यातली एक मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिची आपल्याकडची आवृत्ती म्हणजे अँबॅसेडर, उत्तरपाड्याच्या कारखान्यातून १९५८पासून. अँबॅसेडरमध्ये ३/८चे युनिफाईड बोल्ट जागोजागी, आणि त्यांचं डोकं ९/१६.

‘काकू, मामंजी रिटायर झाल्यावर काय करायचे?’

‘काय करणार. एका टॅक्सीवाल्याकडे जाऊन बसायचे. माझं लग्न ७४ला झालं तेव्हाही जात होते, डबा मीच द्यायचे. हात काळे करून यायचे आणि सासूबाई ओरडायच्या की पेन्शन मिळते तर हे कशाला.’

‘कुठली टॅक्सी?’

‘तेव्हा कुठली असायची? अँबॅसेडर.’

मी तो पाना रुमालात गुंडाळून बाईकच्या डिकीत टाकला आणि प्रतापनगरकडे एका गॅरेजात गेलो, तिथे एक अँबॅसेडर दोन वर्षं झाली तशीच उभी आहे, मालक विकत नाही आणि नीटही करत नाही. उस्तादांना सांगितलं की फक्त एक पाना लावून बघायचाय. ते हसले, म्हणाले सकाळपासून गिऱ्हाईक नाही, बघ. बॉनेट उघडलं, आतून मांजर निघालं. एक बोल्ट पुसला, पाना लावला. असा आवाज आला की काय सांगू, खट नाही, खसकन पण नाही, नुसता बसल्याचा. हलवून बघितला, जबड्यात आणि डोक्यात फट नाही. उस्तादांनी माझ्या हातातून घेतला, उलटा केला, दुसऱ्या बोल्टवर लावला, परत हलवून बघितलं आणि म्हणाले, ‘आ तो बराबर बेठुं.’ मग त्या घासलेल्या जागेवर अंगठा फिरवत बराच वेळ उभे राहिले. विचारलं कुणी केलंय, मी सांगितलं रेल्वेतले एक फिटर, आता नाहीत. तर म्हणाले मला देशील का. मी म्हटलं माझा नाही.

नवा ए एफ सेट तेव्हा स्वस्त नव्हता असणार, आणि पेटीतले ते सहा ए एफ पाने नंतर हळूहळू आले असणार हे त्यांच्या वेगवेगळ्या नावांवरूनच कळतं, एकही जोडी एका कंपनीची नाही. पण पहिला ९/१६ मामंजींनी विकत नाही घेतला, घरात होता त्यातून काढला. रेल्वेची भाषा येणाऱ्या माणसाने मोटारीची भाषा शिकताना पहिला शब्द कानसने लिहिला असं म्हणा हवं तर. पुण्याच्या मुलाला मी हेच सांगितलं, की तुझ्या पेटीत राजाची रेल्वे नाहीये, तुझ्या घरातल्या दोन माणसांच्या तीन नोकऱ्या आहेत, वर्कशॉप, टॅक्सी आणि चेतक. तो म्हणाला ठीक आहे पण किंमत किती.

तर किंमत. काळे व्हिटवर्थ पाने ज्यांच्याकडे जुनी ब्रिटिश मोटारसायकल आहे किंवा सुरुवातीची मद्रासची बुलेट आहे ते घेतात, कारण मिलिमीटरचा पाना लावून डोकी गोल करून थकलेले असतात. गोगलगाय आणि बुलडॉग असेल तर थोडे जास्त. पण लाख सोडाच, त्याच्या जवळपासही नाही, किलोच्या भावापेक्षा मात्र नक्की बरं. मिलिमीटरचे सात कामाचे, घरात ठेवा, सोसायटीतला कुणीही उसना मागायला येईल एवढीच त्यांची अडचण. रेल्वेचा ठसा असलेले चार विकू नका असं मी स्पष्ट सांगितलं. विकणारा उद्या ‘महाराजांचा सेट’ म्हणून खोटी गोष्ट जोडेल आणि वर ठशावरून उगाच प्रश्न निघतील. प्रतापनगरला रेल्वेचं हेरिटेज पार्क आहे, वाटलं तर तिथे चौकशी करता येईल. काकूंनी ऐकून घेतलं.

शुक्रवारी भंगारवाला आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याला काकूंनी तीन वाकड्या छिन्न्या आणि एक फुटकी बादली दिली. तो पेटीकडे बघत होता, काकूंनी पेटीवर चादर टाकली होती.

जाता जाता मी झोपाळ्याच्या कड्यांकडे बघितलं. आढ्याला दोन मोठे बोल्ट, जुन्या घराचे, वर चौकोनी वायसर, आणि डावीकडच्या नटाचे कोपरे गोल झालेले. गेल्या दिवाळीत एक मुलगा २४चा पाना घेऊन आला होता, काकू म्हणाल्या, त्याने जोर लावला, पाना सटकला, भिंतीचा पोपडा गेला आणि किरकिर आहे तशीच. मी विचारलं बोल्ट किती सुती. काकूंनी वर न बघता सांगितलं, ‘चार सुती, मामंजींनीच बसवलेत.’

स्टूल घेतलं. पेटीतून १/२ डब्ल्यूचा काळा पाना काढला, तोच ज्याला मी पहिल्या संध्याकाळी नीट न घडलेला २४ म्हटलं होतं. डावीकडच्या नटाचे दोन कोपरे गेले होते तरी उरलेल्या चार कोपऱ्यांवर तो घट्ट बसला. पाव फेरा, मग अजून थोडा. उजवीकडचाही आवळला. काकू परत बसल्या, पायाने जमिनीला रेटा दिला, झोपाळा गेला आणि आला, काही आवाज नाही.

‘तो पाना तिथेच खिळ्याला अडकव,’ काकू म्हणाल्या. ‘आणि घासलेला उस्तादांना दे. पण उसना हां, सांग त्यांना.’